दगडातले मेहमान

दुबईत भाईजानच्या घरी समुद्री टाकी आहे. सुट्टीत आम्ही गेलो तेव्हा तिच्यात नवा जिवंत दगड ठेवला होता. रात्री त्याच्या भोकातून गुलाबी, केसाळ किडा निघाला. "मारा त्याला!" भाभी किंचाळल्या. नाव ठाऊक नाही म्हणून गुन्हेगार, हे आम्हाला पटेना. बॅटरीला लाल कागद लावून दोन रात्री पाहिलं. हा ब्रिसल वर्म. त्याचा एक भाऊबंद प्रवाळ खातो खरा. हा मात्र माशांचं उरलंसुरलं खात होता. हात लावला तर काटे टोचतात, एवढंच.

कोपऱ्यात फुलासारखं ॲप्टेशिया उमललं होतं. सगळे माशाअल्ला म्हणत होते. ते शेजारच्या प्रवाळाला डंख करतं. तोडलं तर तुकड्यातून पुन्हा उगवतं. भाईजानने ते खाणारी पेपरमिंट कोळंबी आणली. किड्याला भाभी अजून नावं ठेवतात.