डिक्कीची गाडी

बीड जिल्ह्यात 2008 नंतरच्या चार-पाच वर्षांत ज्या घरांत पहिली चारचाकी आली, त्या घरांतली आम्ही मुलं आता चाळिशीला टेकलो. लग्नकार्यात भावंडं जमली की बोलणं हमखास त्या गाडीवर येतं. कुणाच्या दारात इंडिगो सीएस होती, कुणाच्या दारात डिझायर. बीडकडच्यांचा नंबर एमएच-23, अंबाजोगाईकडच्यांचा एमएच-44.

त्याआधी एसटी, काळी-पिवळी आणि लग्नाला भाड्याची जीप. घरची गाडी घ्यायची ठरली तेव्हा वडीलधाऱ्यांची अट एकच होती: डिक्की पाहिजे. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आलं. त्या मापात बसवून टाटांनी 2008 मध्ये 3988 मिलिमीटर लांबीची इंडिगो सीएस काढली. डिझायरही त्याच वर्षी आली आणि 2012 मध्ये चार मीटरच्या आत आली. मास्तर, तलाठी, बागायतदार यांच्या अंगणात डिक्कीची गाडी उभी राहिली ती अशी.

दिवाळीच्या सुमारास त्या डिक्कीत बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं भरायची. डोळे उघडलेली, पण हाताला कडक लागणारीच फळं निवडायची. खाली गवत, त्यावर एक थर, वर जुना पेपर, मग दुसरा थर. पुण्याला आत्याच्या दारात डिक्की उघडेपर्यंत खालची फळं मऊ पडलेली असायची आणि तो गोड वास पुढं कितीतरी दिवस गाडीत राहायचा. याच बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

त्या वर्षांची दुसरी आठवण भारनियमनाची. परळीचं औष्णिक विद्युत केंद्र आपल्याच जिल्ह्यात, तरी लाईट वेळापत्रकानं यायची. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावं लागलं. म्हणून घरात प्रत्येक गोष्टीला जोड असायची. नळाला पाणी नसलं तर हौद, हौद आटला तर टँकर. लाईट गेली की इन्व्हर्टर, तोही बसला तर काच पुसून ठेवलेला कंदील. एकाच गोष्टीवर विसंबायचं नाही, हे आमच्या आईवडिलांनी आम्हाला न सांगता शिकवलं.

गाडीलाही अशी जोड देता येते. त्याच 2008 च्या डिसेंबरात चीनमध्ये बीवायडी कंपनीनं एफ3डीएम विकायला काढली. मोठ्या प्रमाणावर बनलेली ती जगातली पहिली प्लग-इन हायब्रिड, आणि तीही मध्यमवर्गाच्या मापाची डिक्कीची गाडी. रात्री घरच्या लाईटवर बॅटरी भरायची, रोजचं जवळचं जाणं-येणं त्यावर करायचं. बॅटरी उतरली की पेट्रोल आहेच. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच कंपनीची अशीच गाडी, किन प्लस, तिकडे 79,800 युआनला मिळू लागली, म्हणजे सव्वानऊ लाखांच्या आसपास. आपल्याकडे मात्र ही सोय आली ती महागड्या गाड्यांतूनच.

आमच्या भागाला ती फार उपयोगी पडेल. शाळा, बाजार, तहसील, शेत हे सगळं बॅटरीवर. पुणे किंवा संभाजीनगर पेट्रोलवर. रात्रभर लाईट आली नाही तरी सकाळी पेशंटला दवाखान्यात न्यायचं अडणार नाही. 17 सप्टेंबर 2025 ला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली, त्याचा आनंद मोठा आहे. पण पाटोदा-धारूरच्या माणसाचं सासर-माहेर अजून रस्त्यावरच अवलंबून आहे. तेव्हा करातल्या एका बदलानं आमच्या घरांना गाडी परवडली. तसाच बदल आता बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या स्वस्त गाडीसाठी व्हावा, असं मनापासून वाटतं. हौद आणि इन्व्हर्टरच्या घरात वाढलेल्यांना तिचं महत्त्व वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.