एका अनुस्वाराचे अंतर

चिता आणि चिंता या दोन शब्दांत केवळ एका अनुस्वाराचे अंतर आहे, ही उक्ती आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चिता मेलेल्याला जाळते आणि चिंता जित्याला, असा तिचा अर्थ गुरुजी समजावून सांगत. उपदेश म्हणून उक्ती चांगलीच आहे. परंतु ज्याचा स्वभाव मुळातच काळजीचा, अशा माणसाच्या मनात ती शिरली की वेगळेच घडते. त्याची काळजी थांबत नाहीच. उलट, आपण काळजी करतो याचीच त्याला काळजी लागते. छाती धडधडू लागली की ही धडधडच आपला घात करणार असे त्याला वाटते, आणि त्या विचारासरशी ती अधिकच धडधडते.

या फेऱ्यात आम्ही सुमारे दोन वर्षे होतो. आमचे थोरले बंधू हृदयविकाराच्या झटक्याने अकस्मात गेले. दफनविधीला जमलेल्या मंडळींनी एकमुखाने कारण सांगितले, "टेन्शन फार घ्यायचे." बंधूंना वीस वर्षांचा मधुमेह होता, हातातली विडी शेवटपर्यंत सुटली नव्हती, पण त्यांचा उल्लेख कोणी केला नाही. आमच्या मनात तेवढा एक शब्द रुतून बसला, कारण टेन्शन घेणे हा आमच्या घराण्याचाच वारसा!

त्यानंतर रविवारच्या मिस्सेला आम्ही नेहमीची जागा सोडून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागलो. फादरांचे प्रवचन चालू असे आणि आमच्या उजव्या हाताची बोटे डाव्या मनगटावरची नाडी मोजत असत. घरात रक्तदाब मोजण्याचे यंत्र आले. दंडाला पट्टा बांधतानाच छाती धडधडे, म्हणून आकडा वाढलेला दिसे. वाढलेला आकडा पाहून पुन्हा मोजावेसे वाटे. वर्तमानपत्रात ताणतणावाच्या घातक परिणामांवर लेख आला की घरची मंडळी ते पान आधीच काढून ठेवत. अशातच पुतणीचे लग्न ठरले. वडिलांच्या जागी तिला वेदीपर्यंत हात धरून नेण्याचा मान आमच्याकडे आला. चर्चच्या मधल्या वाटेवर, साऱ्या धर्मग्रामादेखत आपण कोसळलो तर? आठवडाभर आम्ही त्या पोरीला होकार देऊ शकलो नाही.

आमच्या डॉक्टरांनी प्रथम सर्व तपासण्या केल्या. ईसीजी, ट्रेडमिलवरची चाचणी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर. सारे व्यवस्थित निघाले. मग त्यांनी विचारले, "ट्रेडमिलवर तुमची नाडी दीडशेच्या घरात गेली होती. तेव्हा घाबरलात का?"

"नाही."

"का नाही?"

"धावत होतो म्हणून."

"मग हृदयाला काय ठाऊक, तुम्ही धावताय की घाबरलाय? त्याचे काम तेच!"

या प्रश्नाने आम्हांला वाचनाकडे वळवले. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली वेदना, भूक, भय आणि क्रोध यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते. नाडी वाढते, श्वास जलद होतो, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते. ही शरीराची मोडतोड नव्हे. लढण्याची किंवा पळण्याची ती तयारी आहे. श्वास गरजेपेक्षा अधिक घेतला गेला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे ओठांना व बोटांना मुंग्या येतात, डोके हलके वाटते. भोवळ येऊन पडणे हे सहसा रक्तदाब एकाएकी उतरल्याने घडते. भीतीच्या झटक्यात तो बहुधा वाढलेला असतो. म्हणूनच कोसळण्याचे भय बाळगणारी बहुतेक माणसे कोसळत नाहीत.

हे दुखणे आजकालचेही नाही. डॉ. जेकब द कोस्टा यांनी १८७१ साली अमेरिकेच्या यादवी युद्धातील सैनिकांवर निबंध प्रसिद्ध केला. छातीत धडधड, वेदना, धाप अशा तक्रारी घेऊन हे जवान येत. पण त्यांतील कित्येकांच्या हृदयात दोष म्हणून सापडत नसे. पुढे ऑस्ट्रेलियातील डॉ. क्लेअर वीक्स यांनी हेच स्वतः भोगले. तरुणपणी त्यांना क्षयाचे चुकीचे निदान सांगण्यात आले होते आणि त्यानंतर छातीची धडधड त्यांचा पिच्छा सोडीना. पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका मित्राने त्यांना सांगितले, की खंदकातील सैनिकांचेही असेच होत असे. एवढ्या एका वाक्याने त्यांना वाट दिसली, आणि १९६२ साली त्यांनी सामान्य वाचकांसाठी या विषयावर पुस्तक लिहिले. १९८६ साली ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी या फेऱ्याची शास्त्रीय मांडणी केली. शरीरातील साध्या खळबळीचा आपण 'आता अनर्थ होणार' असा अर्थ लावतो, त्या अर्थाने भय वाढते, भयाने खळबळ वाढते. चाक असे फिरत राहते.

मग चिंतेने शरीराला काहीच होत नाही काय? तसे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतील हृदयरुग्णांच्या अभ्यासात दीर्घकाळचा मानसिक ताण हा हृदयविकाराशी निगडित घटकांपैकी एक आढळला. पण तो एकटा नव्हता; धूम्रपान, बिघडलेले कोलेस्टेरॉल, मधुमेह, रक्तदाब, सुटलेले पोट आणि व्यायामाचा अभाव हेही त्याच यादीत होते. बंधूंची विडी आम्हांला तेव्हा आठवली. दुसरा अभ्यास अमेरिकेतील, २०१२ सालचा. सुमारे २८,७०० प्रौढांनी १९९८ साली दिलेली माहिती पुढील मृत्युनोंदींशी ताडून पाहण्यात आली. ज्यांना ताण पुष्कळ होता आणि त्याचा प्रकृतीवर मोठा परिणाम होतो असे जे मानत होते, त्यांच्यात अकाली मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी अधिक दिसला. मात्र आजारी माणसाला ताणाचा परिणाम अधिक जाणवणे साहजिक आहे. तेव्हा केवळ समजुतीमुळे माणसे दगावली, असे यावरून सिद्ध होत नाही. आमच्यासारख्या वाचकाने तरी हा आकडा वाचून आता तिसरी काळजी सुरू करू नये! निरोगी हृदयाला घटकाभराच्या भयाने धोका क्वचितच असतो. वर्षानुवर्षांच्या ताणावर उपाय आहे तो झोप, चालणे, तंबाखू सोडणे आणि मन मोकळे करणे यांत. नाडी मोजत बसण्यात नव्हे.

डॉ. वीक्स यांनी चार पायऱ्या सांगितल्या आहेत: भयाला सामोरे जाणे, त्याचा स्वीकार करणे, त्यावरून तरंगत पुढे जाणे आणि काळाला काळाचे काम करू देणे. तिसरी पायरी आम्हा वसईकरांना समजावून सांगायला नको. बावखलात पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, की हातपाय झाडणारा पोर बुडू लागतो आणि अंग सैल सोडणारा पाण्यावर राहतो. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ सालच्या आपल्या ग्रंथात मनाच्या अस्वस्थतेवर एक प्रकरण लिहिले आहे. जाळ्यात सापडलेला पक्षी सुटण्यासाठी जितका फडफडतो तितका अधिक गुंततो, हा दृष्टान्त त्यात आहे. साडेतीन शतकांच्या अंतराने एका धर्माध्यक्षांनी आणि एका डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट सांगावी, याचे आम्हांला फार अप्रूप वाटले.

पुस्तकातील पायऱ्या अंगी बाणवायला मात्र महिने लागले. प्रथम रक्तदाबाचे यंत्र घरच्यांच्या स्वाधीन केले. डॉक्टर सांगतील तेव्हाच ते बाहेर येई. मग मिस्सेला दर आठवड्यास एकेक बाक पुढे सरकलो. छाती धडधडली तर 'धडधड बाई, तुझे चालू दे' असे म्हणून गीतांच्या पुस्तकात बोट ठेवून गात राहिलो. काही रविवारी मागे परतावे लागले. पुन्हा पुढे गेलो.

पुतणीच्या लग्नादिवशी काळीज घोड्यासारखे उधळले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. तळव्यांना घाम होता. तिने हळूच विचारले, "काका, बरे आहात ना?" आम्ही म्हणालो, "घाबरलोय. चल." आणि आम्ही चाललो. वेदीपाशी पोहोचलो तेव्हा आमच्याहून तिचाच हात अधिक थरथरत होता, हे लक्षात आले. बंधूंची आठवण तेवढी अनावर झाली.

हे लिहिण्याचे कारण, आपल्या धर्मग्रामांत शेवटच्या बाकावर बसणारे आणखीही कोणी असतील. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. छातीवर दाब येणे, वेदना हात किंवा जबड्याकडे जाणे, श्रमाने धाप लागणे, गार घाम फुटणे यांपैकी काही झाले तर मनाचे खेळ म्हणून घरी बसू नये. तातडीने रुग्णालय गाठावे. तपासणीत हृदय ठीक निघाले तर मात्र डॉक्टरांच्या शब्दावर विसंबावे, आणि तरीही भय हटेना तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास लाजू नये. २०२२ सालापासून शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. ती मराठीतूनही बोलते. आणि शेजारच्या बाकावर कोणी मनगट धरून बसलेले दिसले, तर 'टेन्शन घेऊ नका' एवढे मात्र त्यांना म्हणू नका. थोडे सरकून त्यांच्याजवळ बसा.