खुडूक

गेल्या पावसाळ्यानंतर भाचीने आम्हा चौघा भावंडांना एकापाठोपाठ एक फोन केले. प्रश्न एकच होता. तीन वर्षांपूर्वी घरामागच्या मोकळ्या जागेत तिने चार गिरिराजा कोंबड्या पाळल्या होत्या. पहिली दोन वर्षं इतकी अंडी झाली, की शेजारीपाजारी वाटावी लागली. आता दाणा तेवढाच जातो, पण आठवडा आठवडा खुराड्यात हात घातला तरी हाताला काही लागत नाही. "काय करू यांचं?"

आम्ही चौघांनी चार उत्तरं दिली. आपा शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिने आधी तपासायला सांगितलं. दिवस लहान होऊ लागले, पिसं गळायला लागली, की कोंबडी अंडी थांबवते. नवी पिसं आली की पुन्हा लागते. शेपटीखाली दोन हाडांची टोकं हाताला लागतात, त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली तर ती अंड्यावर आहे, एकच मावलं तर नाही. थोरला म्हणाला, रस्सा कर, कच्च्या पपईचे दोन तुकडे टाक म्हणजे शिजेल. मधला म्हणाला, विकून मोकळी हो. धाकटी म्हणाली, राहू दे गं, दाणा तो केवढा लागतो!

रात्री आमचं आपसात बोलणं झालं तेव्हा लक्षात आलं, की सगळे तांबडीविषयी बोलत होतो.

आम्ही इचलकरंजीचे. अब्बा यंत्रमागावर होते. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मागे थोडं परसू आणि त्यात अम्मीच्या सात-आठ गावठी कोंबड्या. गावठी कोंबडी ती, वर्षाला साठ-सत्तर अंडी दिली तरी पुष्कळ. पण त्यांचे पैसे अम्मी चहाच्या रिकाम्या डब्यात टाकायची आणि त्या डब्याला अब्बांनी कधी हात लावला नाही. आमच्या वह्या त्यातून आल्या. आपाच्या दहावीच्या परीक्षेची फीसुद्धा त्यातूनच भरली.

गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते. अंगात ताप असल्यासारखी गरम होते, पिसं फुलवून कोपऱ्यात बसते, जवळ गेलं की टोचते. अंडी खाली ठेवली तर एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात. पिल्लं नको असली तर मोडतात तिला. पाण्यात बुचकळतात, नाकात पीस घालतात, डालग्याखाली कोंडून ठेवतात. ते जाऊ द्या. मुद्दा असा, की खुडूक कोंबडी आज अंडं देत नसली तरी पुढे देणार असते. तिला कुणी कापत नाही.

अम्मीने हा शब्द बरोबर हेरला होता. कोंबडी चार-पाच वर्षांची झाली, तुरा फिका पडून आकसला, अंडी बंद झाली, की अम्मी म्हणायची, "खुडूक बैठी है. थोडे दिनां में देती."

अब्बा चहा पिता पिता म्हणायचे, "पिछले महिने बी खुडूकच थी."

एवढंच. पुढे विषय वाढायचा नाही.

अब्बांना काही कोंबडी कापण्याचं भय नव्हतं. आमचं घराणं मुलाण्याचं. गावाकडे आजोबांकडे बलुतं होतं. हिंदूंच्या घरची कोंबडी-बकरी हलाल करायला त्यांनाच बोलावणं यायचं. इचलकरंजीत बलुतं राहिलं नाही, पण आखाडात गल्लीतली माणसं बगलेत कोंबडी घेऊन अब्बांकडे यायची. अब्बा सुरीला धार लावायचे, कोंबडीला पाणी पाजायचे, तिला भिंतीआड न्यायचे म्हणजे आमच्या कोंबड्यांना दिसू नये. बिस्मिल्ला म्हणून एकदाच हात फिरवायचे. आमची कोंबडी मात्र त्यांनी तोवर कापलेली नव्हती. फारच अडचण आली, तर अम्मी सायकलवर येणाऱ्या कोंबडीवाल्याला एखादी द्यायची आणि पैसे न मोजता डब्यात टाकायची. तो तिचं पुढे काय करतो हे आम्हाला ठाऊक होतं. पण ते आमच्या परसात होत नव्हतं.

१९८८च्या पावसाळ्यात अब्बांचा कारखाना बंद पडला. मालकाने आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं, आणि आठाचे साठ झाले. दुकानदाराने उधारी थांबवली. आधी डबा रिकामा झाला. मग अंडी घरात खाणं बंद झालं, सगळी विकायला जाऊ लागली. दाण्याऐवजी कोंबड्यांना कोंडा, मग नुसतंच गल्लीतलं जे मिळेल ते. त्या वेळी चार कोंबड्या म्हाताऱ्या होत्या. काळी, कवडी, लंगडी आणि तांबडी. तांबडी सगळ्यांत जुनी. धाकटी तिला मांडीवर घेऊन बसायची.

एका शुक्रवारी सकाळी अम्मी म्हणाली, "आज कवडी."

अब्बा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "खुडूक है ना वो?"

"नै," अम्मी म्हणाली. "बुढी हो गयी."

अब्बांनी सुरी काढली.

म्हाताऱ्या कोंबडीचं मटण लवकर शिजत नाही. सकाळी चुलीवर चढवलेलं भांडं जुम्म्याची नमाज होऊन अब्बा परतले तरी उतरलं नव्हतं. श्रावण लागला होता, म्हणून अम्मीने शेजारच्या काकूंकडची खिडकी लावून घेतली. वास जायला नको. आम्ही रडलो वगैरे असं कुणाला वाटेल. नाही. कितीतरी दिवसांनी भाकरीबरोबर रस्सा होता, वर तेलाचा लाल तवंग होता. आम्ही बोटं चाटून जेवलो. थोरल्याने आणखी मागितला. ही गोष्ट आम्ही चौघांनी एकमेकांपाशीसुद्धा कधी काढली नव्हती. अम्मीने आपल्या ताटात फक्त पातळ रस्सा घेतला होता, हे आपाने परवा फोनवर सांगितलं.

दुसऱ्या शुक्रवारी काळी. तिसऱ्या शुक्रवारी लंगडी.

चौथ्या शुक्रवारी सकाळी खुराडं उघडलं तर तांबडी नव्हती. मांजर म्हणावं तर एक पीस पडलेलं नाही. अम्मीने आम्हा चौघांकडे बघितलं, पण विचारलं काही नाही. त्या दिवशी आमटी झाली. पुढच्या महिन्यात अब्बांना दुसऱ्या कारखान्यात माग मिळाले.

तांबडी काकूंच्या परसात होती. तिथे ती आणखी दोन वर्षं जगली, एकही अंडं न देता. अम्मीला हे कळायला वेळ लागला नसावा, कारण कण्या निवडून झाल्या की ती वाटीभर बाजूला काढून आमच्या हाती द्यायची, "काकूंच्या कोंबड्यांना टाकून या."

फेब्रुवारी २००६मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला. तिथल्या पोल्ट्रीतल्या आणि घरोघरच्याही कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या, ते टीव्हीवर दाखवत होते. अम्मी तेव्हा थकलेली होती, पण नजर पडद्यावरून हलेना. शेवटी तिने एवढंच विचारलं, "अंडे देनेवाल्या बी?"

परवाच्या रात्री फोनवर आम्ही पहिल्यांदाच एकमेकांना विचारलं, तांबडीला काकूंकडे कुणी नेलं? आम्हा तिघांना इतकी वर्षं वाटत होतं, धाकटीने. धाकटीला वाटत होतं, आपाने. चौघांपैकी कुणीच नेलेलं नव्हतं. अम्मी तर त्या सकाळी खुराड्यापाशी तशीच उभी राहिली होती, आम्हीच पाहिलं होतं.

थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, पहाटे फजरच्या नमाजला घरातून एकच माणूस बाहेर पडायचा.

अब्बांना जाऊन आता सोळा वर्षं झाली. काकूही नाहीत.

भाचीने आपाच्या सांगण्याप्रमाणे बोटं लावून पाहिली. दोघींना नवी पिसं येताहेत, त्या लागतील असं दिसतं. उरलेल्या दोघींमध्ये एकच बोट मावलं. त्यांचं काय ठरवलंस, असं आम्ही विचारलं, तर म्हणाली, "खुडूक असतील."

गिरिराजा सहसा खुडूक होत नाही, हे आपाला माहीत आहे. ती काही बोलली नाही.