बोटभर पाण्यातलं घर
(आंबोलीची दैनंदिनी : भाग २)

१४ जून
सावंतवाडीहून घाट चढेपर्यंत अंधारलं. सामान टाकलं, बूट घासून धुतले आणि तळ्याकडे निघाले. मागच्या गावचा चिखल नव्या डबक्यात न्यायचा नाही. बेडकांच्या कातडीला लागणारी बुरशी अशीही पसरते. डासांचं मलमही लावलं नाही. बेडूक कातडीतून पाणी पितो, श्वासही घेतो.

तळ्यावर वाकलेल्या फांदीला मलबारी उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं होतं. पिल्लं तयार झाली की ती थेट खालच्या पाण्यात पडतील.

१५ जून
आज सडा, म्हणजे उघडं कातळपठार. पावसानं काळवंडलेला जांभा, त्यावर हिरवं शेवाळ. सोबतचे काका पुढे होते. एकदम थांबले. "पाय बघान ठेव गो!"

माझ्या बुटापासून वीतभरावर आंबोली भेक बसला होता. अंगठ्याएवढा, तपकिरी, कुशीवर पिवळे पट्टे, वाघासारखे. या पट्ट्यांवरूनच त्याला 'टायगरिना' नाव मिळालं, तेही २००९ मध्ये. इतक्या उशिरा ओळख झालेला हा जीव आज अतिसंकटग्रस्त आहे आणि आंबोली व आसपासचे सडे सोडले तर जवळजवळ कुठेच नाही.

तो ज्या डबक्याकाठी होता त्यात पट्टी उभी केली. पाणी जेमतेम २ सेंटिमीटर. तळाशी काळसर अंडी. पेन्सिलीनं वेळ, तापमान, खोली लिहिली. ओल्या कागदावर पेन चालत नाही. भेकाला हात लावला नाही, फ्लॅशही मारला नाही.

दहा पावलांवर तसंच दुसरं डबकं होतं. त्यातून गाडीचं चाक गेलेलं. गढूळ पाण्यात काही दिसेना. सड्याला लोक पडीक जमीन म्हणतात, म्हणून तिथे गाडी घालताना कुणाला काही वाटत नाही. मला ते चाकाचे वळ बघवेनात.

१६ जून
सकाळपासून उघडीप. घाटात इतकं लख्ख ऊन पडलेलं पाहून पहिल्यांदाच पोटात गोळा आला. दुपारी अंड्यांच्या डबक्यात पट्टी लावली : १ सेंटिमीटर. कडेची चार अंडी कोरड्या दगडावर. बाटली हातात होती, ओतावंसं फार वाटलं. पण बाटलीतलं पाणी कुठलं, त्यात काय काय आहे, मला ठाऊक नव्हतं. झाकण लावलं आणि तिथेच बसून राहिले.

पाचच्या सुमारास चौकुळच्या बाजूनं धुकं आलं, मागोमाग सर. सात वाजता पुन्हा मोजलं : ३ सेंटिमीटर. बॅटरी विझवली. काठावरून एक भेक ओरडायला लागला, मग दुसरा.