खानापूरची माती आणि राकू

बेळगावला जायचं म्हटलं की आम्हा गोंयकारांच्या डोळ्यांपुढे भाजीच्या पिशव्या आणि कुंदा येतो. परवाच्या रविवारी मी मात्र अलीकडेच, खानापूरला उतरलो. माझा कॉलेजातला मित्र तिथं मातीकाम करतो. बी.ए. झाल्यावर आम्ही दोघांनी मिळूनच ते शिकायचं ठरवलं होतं. खानापूरच्या मातीचं नाव मोठं. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथंच. तो गेला. मला नेमकं तेव्हाच सरकारी नोकरीचं पत्र आलं. असो.

त्या दिवशी तो 'राकू' भाजणार होता. मूळ जपानातलं. सोळाव्या शतकात क्योतोच्या चोजिरोने चहागुरू सेन नो रिक्यूसाठी असे वाडगे घडवले. एरवी भट्टी निवेपर्यंत कुंभार वाट पाहतो. राकूला तेवढा दम नाही! नऊशे-हजार अंशांवर लालबुंद झालेलं भांडं तसंच चिमट्याने बाहेर काढायचं. ते तडकू नये म्हणून मातीत भाजक्या मातीची भरड आधीच मिसळलेली असते. १९६० मध्ये अमेरिकेत पॉल सोल्डनरने असं तापलेलं भांडं पाल्यापाचोळ्यात घातलं, तेव्हापासून ती रीत पडली. आता डब्यात लाकडाचा भुसा घालतात आणि वर घट्ट झाकण. आत हवा न मिळालेली आग ग्लेझमधला ऑक्सिजन ओढते, तांब्याला झळाळी येते आणि बारीक भेगांत धूर बसून काळ्या रेघा उमटतात.

"नवल कसलं? धूर कोंडून काळी मडकी आपले कुंभारही करतात की," मित्र म्हणाला आणि चिमटा माझ्या हातात दिला. "तुझा वाडगा तूच काढ."

चतुर्थीच्या सुट्टीत मी एक वाडगा वळला होता, वाकडातिकडा. निसटेल या भीतीने मी तो इतका आवळला, की काठाचा टवका उडाला. मी तसाच उभा.

"बघतोस काय? डब्यात घाल आधी!"

झाकण काढायची वाट बघत आम्ही चहा घेत बसलो. तेव्हा मी त्याला सांगून टाकलं, की ते पत्र अचानक आलं नव्हतं. मुलाखत मी त्याला न कळवता पणजीला जाऊन देऊन आलो होतो.

"ठाऊक आहे रे. तुझ्या भावानेच तेव्हा सांगितलेलं," तो म्हणाला आणि डबा उघडायला उठला.

एका अंगाला तांबूस चमक, बाकी सगळा काळा. राकूचं भांडं पाझरतं, खायला-प्यायला चालत नाही. आमच्या घरी बायको त्यात स्कूटरची चावी ठेवते.