गाडी येईपर्यंत

घंटा वाजवत रस्त्याने धावणारी लाल गाडी तुम्ही पाहिली असेल. आमच्या भागातले जुने लोक तिला 'बंब' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. दुसरी गाडी पांढरी असते. ती रुग्णवाहिका. या दोन गाड्या दिसल्या की आपण चटकन बाजूला होतो. कुणाच्या तरी घरी संकट आले आहे, हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही.

या गाड्यांची आणि त्यांतून धावणाऱ्या माणसांची हकिगत मी तुम्हांला सांगणार आहे. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती म्हणजे गाडी येईपर्यंतच्या वेळेची.

मी अर्धापूरचा. आमचे गाव नांदेडहून हिंगोलीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आजूबाजूला केळीच्या बागा, रस्त्यावर दिवसरात्र ट्रक आणि टेम्पो. नांदेड शहर सुमारे वीस किलोमीटर दूर. अंतर फार नाही. पण घराला आग लागलेली असताना, किंवा जखमी माणसाचे रक्त वाहत असताना, वीस किलोमीटर किती लांब असतात, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक.

आगीशी लढणारी पथके फार जुनी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या ऑगस्टस बादशहाने रात्री पहारा करणारे आणि आग विझवणारे दल उभे केले होते. आपल्या मुंबईत हे काम आधी पोलिसांकडे होते. पुढे ते महापालिकेकडे आले. त्या काळी पाण्याचे पंप घोडे ओढत नेत. मग मोटारी आल्या, उंच शिड्या आल्या. साधने बदलली, पण एक गोष्ट बदलली नाही. आग दिसताच सगळे लोक बाहेर पळतात आणि हे जवान आत जातात.

१४ एप्रिल १९४४ चा दिवस. दुसरे महायुद्ध चालू होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी जहाजातून धूर निघू लागला. कापसाची आग आतल्या आत कशी धुमसते, हे आपल्या मराठवाड्यातल्या लोकांना सांगायला नको. अग्निशामक दलाचे जवान धावले. ते पाण्याचा मारा करत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी प्रचंड स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा झाला. शेकडो माणसे मरण पावली. आग विझवणारे ६६ जवान त्यात होते. त्यांच्या आठवणीसाठी दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि २० एप्रिलपर्यंत सप्ताह चालतो. ही केवळ जुनी गोष्ट नाही. मे २०१५ मध्ये मुंबईच्या काळबादेवी भागातील एका जुन्या इमारतीच्या आगीत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांनी प्राण गमावले. मोठे साहेबसुद्धा जवानांच्या बरोबरीने आगीजवळ उभे होते.

आता जखमींच्या सेवेकडे वळू. नांदेड हे गुरू गोविंदसिंहजींचे अखेरचे ठिकाण. त्यांच्या काळातली एक हकिगत नांदेडकर अजून सांगतात. आनंदपूरच्या लढाईत भाई कन्हैया नावाचे शीख सेवक मशकीतून पाणी घेऊन फिरत. जखमी आपला असो वा शत्रूचा, त्याच्या तोंडाला ते पाणी लावत. लोकांनी गुरूंकडे तक्रार केली. भाई कन्हैया म्हणाले, की मला त्यांच्यात आपला-परका दिसतच नाही. गुरू रागावले नाहीत. त्यांनी पाण्याबरोबर मलमही दिले. पुढे फ्रान्समध्ये नेपोलियनच्या सैन्यातील लारे नावाच्या शल्यवैद्याने जखमींना रणांगणातून लवकर हलवण्यासाठी वेगवान घोडागाड्या तयार केल्या. जखम जास्त कुणाची, त्याचा इलाज आधी, मग तो शिपाई असो की सरदार, असा त्याचा नियम होता. आजची रुग्णवाहिका याच दोन विचारांवर चालते. उशीर करायचा नाही आणि भेद करायचा नाही.

महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. सुरुवातीला तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. गाडीतच डॉक्टर असतो, म्हणून इलाज दवाखान्याच्या दारात नव्हे, रस्त्यावरच सुरू होतो.

पण मित्रांनो, गाडी पोहोचण्याआधी काय?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मी विसरू शकत नाही. चार वाजायला चार मिनिटे कमी होती. आमच्या घरात फडताळातली भांडी वाजली आणि आम्ही अंगणात आलो. दिवस उजाडल्यावर खबर आली, की लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला आहे. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली होती. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले. दमलेली माणसे घरात गाढ झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची जड माळवदे त्यांच्या अंगावर पडली. साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली.

तिथे सर्वांत आधी कोण पोहोचले? बंब नाही, रुग्णवाहिका नाही, लष्करही नाही. ते सगळे आले आणि त्यांनी फार मोठे काम केले. पण त्यांच्या आधी जे धावले ते तिथलेच होते. जे स्वतः ढिगाऱ्यातून कसेबसे बाहेर पडले, त्यांनीच हातांनी दगड उचलून शेजाऱ्यांना बाहेर काढले. जवळ मशीन नव्हते, उजेड नव्हता. वरून पाऊसही झोडपत होता. नंतर आमच्या गावातूनही भाकरी, कपडे, औषधे घेऊन लोक गेले. ते परत आले तेव्हा त्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती. जी माणसे वाचली, त्यांतल्या पुष्कळांना शेजाऱ्याचा हात मिळाला होता.

त्यानंतर देशाने बरेच काही शिकले. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. तरीही पहिली काही मिनिटे कुठल्याही दलाची नसतात. ती शेजाऱ्यांचीच असतात.

ही मिनिटे कशी वापरावीत, हे मी आमच्याच गावाजवळ पाहिले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते. एका शेतात कडब्याची गंजी पेटली. शेजारी गोठा होता आणि वारा गोठ्याकडे वाहत होता. त्या काळी बंब नांदेडहून यायचा. लाइट नव्हती, म्हणून विहिरीवरची मोटारही बंद. आरडाओरडा खूप झाला. तेवढ्यात एक म्हातारी चाची ओरडली, "अरे, रडता काय? आधी जनावरे सोडा!" दोघांनी दावी कापली. मग विहिरीपासून गोठ्यापर्यंत माणसांची साखळी झाली. बादल्या, घागरी, तेलाचे रिकामे डबे, जे हाताला लागले ते या हातातून त्या हातात गेले. गंजी वाचणार नव्हतीच. लोकांनी गोठ्याचे छप्पर ओले केले. नववीतला एक मुलगा सायकल दामटत फाट्यावर गेला आणि तिथे उभा राहिला. बंब आला तेव्हा त्यानेच शेताची वाट दाखवली. गंजी जळाली, पण गोठा उभा राहिला. बंबावरच्या जमादारांनी त्या मुलाची पाठ थोपटली. ते म्हणाले, "रस्ता शोधण्यात वेळ गेला असता, तर गोठा हाती लागला नसता."

रस्त्यावरच्या अपघातात मात्र असे हात कमी दिसतात. लोक जमतात, पण पुढे कुणी येत नाही. मदत केली तर पोलीस आपल्यालाच विचारतील, कोर्टात खेटे घालावे लागतील, ही भीती असते. ही भीती आता सोडली पाहिजे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद आली. जखमीला चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला होत नाही. आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. ही गोष्ट घरी जाऊन मोठ्यांनाही सांगा.

फोन करणे हीसुद्धा एक मदतच आहे. पण तो नीट केला पाहिजे. १०८ चा फोन नियंत्रण कक्षात लागतो. तिथे बसलेल्या माणसाला आपला फाटा ठाऊक नसतो. "मालेगावला या" म्हटले तर तो कोणते मालेगाव समजेल? नाशिक जिल्ह्यात मालेगाव आहे, वाशिम जिल्ह्यात आहे, लोहा तालुक्यात जत्रेचे मालेगाव आहे आणि आमच्या अर्धापूर तालुक्यातही आहे! म्हणून गाव, तालुका, जिल्हा आणि जवळची ठळक खूण सांगा. काय झाले, किती माणसे जखमी आहेत, ते सांगा. समोरच्याचे प्रश्न संपेपर्यंत फोन ठेवू नका. आगीसाठी १०१ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक आहेत. आणि गंमत म्हणून कधीही हे क्रमांक फिरवू नका. तुमच्या गमतीत दुसऱ्या कुणाची गाडी अडकते.

फोन झाला की हात कामाला लावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा. भाजले असेल तर त्या जागी साधे गार पाणी वीस मिनिटे सोडा. शाई, हळद, टूथपेस्ट लावू नका. कपड्यांनी पेट घेतला तर धावू नका. जमिनीवर पडून लोळा. कढईतले तेल पेटले तर त्यावर पाणी मुळीच टाकू नका. गॅस बंद करून झाकण ठेवा. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका. माणसाला हलू न देता लवकर दवाखान्यात न्या. यातले काही जमले नाही, तर निदान गर्दी मागे सारा आणि जखमीजवळ बसून राहा. "घाबरू नका, गाडी येत आहे," एवढे शब्दही मोठा आधार देतात.

आणखी एक गंमत पाहा. मदत, जखमी, दवाखाना, इलाज, खबर. हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत आणि माझ्या मराठीतही आहेत. संकटात माणूस ज्या शब्दांनी हाक मारतो, ते आपल्या दोघांचे आहेत. ती हाक ऐकू आली, तर गाडीची वाट पाहत नुसते उभे राहू नका. फाट्यावर जा, बादली उचला, कापड दाबून धरा. गाडी येईलच. ती येईपर्यंत तुम्ही आहात.