आईच्या हद्दीतला रॉबिन

पोस्ट जरा मोठी आहे, चहा घेऊन बसा. ज्यांच्याकडे या हिवाळ्यात आई-बाबा येणार आहेत, त्यांनी तर नक्की वाचा.

बाबा गेले त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आम्ही आईला चिपळूणहून इथे रेडिंगला आणलं. सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा. वाटलं होतं, नातीत मन रमेल. पण तुम्हाला माहीतच आहे इथलं. आम्ही दोघं कामावर, लेक शाळेत आणि चार वाजता अंधार. आई दिवसभर खिडकीशी बसायची. "आधीचं तिकीट मिळतंय का बघ गं," एवढं मात्र दोनदा म्हणाली.

एकदा पहाटे साडेपाचला खाली आले, तर आई स्वयंपाकघरात दार किलकिलं करून उभी. "ऐक, दयाळ गातोय!"

म्हटलं, "आई, इथे कुठला दयाळ?" पण खरंच, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात कुणीतरी गात होतं. बारीक, स्वच्छ सूर, पाणी ओघळावं तसे. मध्येच थांबायचं, मग नवीनच काहीतरी. फोनवरच्या मर्लिन अ‍ॅपने सांगितलं, रॉबिन.

आईचं फारसं चुकलं नव्हतं. आपल्या दयाळाला इंग्रजीत मॅगपाय रॉबिन म्हणतात आणि दोघे एकाच कुळातले. दयाळ काळा-पांढरा, शेपटी वर करून मिरवणारा. रॉबिन चिमणीएवढाच, वजन जेमतेम 18 ग्रॅम. पाठ तपकिरी, पोट पांढरट, चेहरा आणि छाती नारिंगी. लेकीने लगेच विचारलं, "आजी, हा ऑरेंज आहे, मग याला रेडब्रेस्ट का म्हणतात?" कारण पक्ष्याला नाव पडलं तेव्हा इंग्रजीत त्या रंगाला शब्दच नव्हता. तो 16व्या शतकात रुळला, आणि मुळात आला कुठून? आपल्या संस्कृत 'नारंग'वरून! आजी आठवडाभर हे सगळ्यांना सांगत होती.

मग आम्ही वाचायला लागलो. रॉबिन युरोपभर, पार पश्चिम सायबेरियापर्यंत आणि उत्तर आफ्रिकेतही आहे. ब्रिटनमधले बहुतेक वर्षभर इथेच राहतात. दयाळ कोकणात उन्हाळ्याच्या तोंडाशी गायला लागतो, थंडीत जवळपास गप्प. रॉबिन मात्र ऐन थंडीत गातो, कारण हद्द राखायची असते. डेव्हिड लॅक नावाच्या शिक्षकाने डेव्हनमध्ये याचा अभ्यास केला. नुसता लाल पिसांचा झुबका ठेवला तरी रॉबिन त्यावर तुटून पडतो, हे त्याने दाखवलं. 1943 साली त्याचं पुस्तक आलं.

आणि एक गोष्ट वाचून दाखवली तेव्हा आई गप्प झाली. हिवाळ्यात रॉबिनची मादीसुद्धा गाते. ती एकटी राहते, स्वतःची हद्द स्वतः राखते.

"एकटीच?" आईने विचारलं. "हो, एकटीच."

दुसऱ्या दिवशी आईने माझे बूट घातले आणि मागच्या अंगणात गेली. कुंड्या हलवल्या, माती उकरली. किडे मिळतात म्हणून रॉबिन हाताच्या अंतरावर येऊन बसला. मग रोजचंच झालं. जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आरएसपीबीची बिग गार्डन बर्डवॉच असते, 1979 पासून. एक तास बसून पक्षी मोजायचे, बस्स. आजी मराठीत नाव सांगणार, नात इंग्रजीत लिहिणार. माझ्या लेकीने त्या तासात जेवढं मराठी बोललं, तेवढं महिन्याभरात बोलली नव्हती.

दुःख गेलं असं म्हणणार नाही. बाबांच्या आठवणीने आई अजून रडते. पण तिकिटाचं परत काढलं नाही. कुंडीत मेथी पेरून, ती खुडून मगच मे महिन्यात गेली.

परवा चिपळूणहून फोन आला. "काही बोलू नका, नुसतं ऐका," म्हणाली आणि फोन अंगणात धरला. दयाळ गात होता. लेक हळूच म्हणाली, "आजी, हा कुणाच्या हद्दीत आहे?"

"माझ्या," आई म्हणाली.

तेव्हा मंडळी, आई-बाबा आले की त्यांना टीव्हीसमोर बसवू नका. पहाटे दार थोडं उघडा. तुमच्याकडे कोण गातं आणि आई-बाबा त्याला काय म्हणतात, कमेंटमध्ये नक्की लिहा.